चादरीचं दुसरं टोक

माझ्या मुलाच्या बँडचं ते गाणं तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेलच. शेवटी दोघं मिळून 'जा' म्हणतात, मग धप्पकन एक आवाज येतो आणि सगळं थांबतं, ते. नसेल ऐकलं तर तुमचं तुम्ही बघा. त्या शेवटच्या आवाजावर पेपरात पुष्कळ लिहून आलं होतं. कोणी म्हणालं, दार लागल्याचा आवाज आहे. कोणी म्हणालं, काळीज फुटल्याचा. काळीज फुटलं तर आवाज होत नाही, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. तो आवाज माझ्या पंजाचा आहे. घडी घातलेल्या चादरींचा गठ्ठा नीट बसावा म्हणून मी त्यावर पंजा मारते. तेव्हाही मारत होते, आजही मारते.

तेव्हा त्या गाण्यातलं जे काय सांगणार आहे ते घरात बसून सांगतेय, बाहेरून ऐकून नाही.

आमची लॉण्ड्री आहे. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल. नवरा गेला तेव्हा मागे एक मशीन आणि एक गळका नळ ठेवून गेला. आता मागच्या शेडमध्ये मशीनं रांगेनं उभी आहेत आणि नळ एकही गळत नाही. मुलाचं मन मात्र या धंद्यात कधी लागलं नाही. लहानपणी आरशासमोर झाडू धरून गिटार वाजवायचा. घरात सगळे त्याला राजे म्हणतात. लाडानं नव्हे, ऐटीवरून. पुढे खरी गिटार आली, तिचा तो करवतीसारखा आवाज आला, ड्रम बडवणारा एक मित्र आला. त्याचं नाव मी बदड्या ठेवलं. यांचा सराव आमच्या शेडमध्ये चालायचा, कारण मशीनं धडधडत असताना शेजारी कुणाकुणाची तक्रार करणार?

सून आमच्याकडे आली ती चादरी रफू करायला. हात असा की फाटलं कुठे होतं ते चादरीलाही कळू नये. काम करता करता गुणगुणायची. राजेंनी ते ऐकलं, आधी तिला बँडमध्ये घेतलं आणि मग घरात. आता ती तुमची सून नाही, असं लोक मला सांगतात. मी त्यांना सांगते, घटस्फोट त्याच्याशी झालाय, माझ्याशी नाही. आजही आमच्या फाटक्या चादरी तिच्याच दुकानात जातात आणि आजही ती मला आई म्हणते.

तर मागच्या महिन्यात एका दुपारी राजे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. माझ्यासाठी स्वतः चहा घेऊन आले होते, म्हणजे काहीतरी मागायचं होतं.

"आई, पुढच्या शनिवारी आमचा शेवटचा कार्यक्रम."

"मागच्या वर्षी पण शेवटचाच होता."

"या वेळी खरंच गं. गळा साथ देत नाही. मोठा हॉल घेतलाय, सगळं रेकॉर्ड होणार आहे. शेवटी ते गाणं. ते एकदा नीट झालं पाहिजे, मग मी सुटलो."

"वरचा आवाज कोण म्हणणार?"

राजे माझ्याकडे न बघता मशीनकडे बघायला लागले. "एक मुलगी आणलीय. गाणं शिकलेली आहे. गळा काचेसारखा."

"काचेचं आपण धुवायला घेत नाही," मी म्हटलं. "आण तिला. ऐकू दे."

सून गेल्यापासून या गाण्यात वरचा आवाज कोणी म्हटला नव्हता, हे तुम्हाला सांगायला हवं. राजे खालची ओळ म्हणायचे आणि माइक लोकांकडे वळवायचे. हॉलच्या हॉल गायचा. बाकीचं लोकांवर सोडून दिलं की गायकाचं चांगलं चालतं. पण या वेळी रेकॉर्ड होणार होतं आणि लोकांच्या भरवशावर रेकॉर्ड करता येत नाही.

मुलगी आली. गुणी होती. माझ्या पाया पडायच्या आधी चपला बाहेर कुठे काढायच्या ते विचारलं. सराव सुरू झाला. मी आणि इस्त्रीवाली टेबलापाशी घड्या घालत होतो. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत झालं. सूर गोड लागले. गिटार जिथे किंचाळायची तिथे किंचाळली. आणि इस्त्रीवालीनं जांभई दिली. ही बाई या गाण्याला दर वेळी हातातली इस्त्री उभी करून ऐकते, उभी करायची विसरली तेव्हा दोन अभ्रे जाळलेत. तिनं जांभई दिली.

"कसं वाटलं?" राजेंनी विचारलं.

"मेलंय," मी म्हणाले.

"आई, तू पण ना!"

मुलगीच हळूच म्हणाली, "काका, मला या गाण्यात काही करायलाच नाही. तुम्ही जिथे जाता तिथे मी तुमच्याबरोबर, फक्त थोडी वर. जुन्या रेकॉर्डवर असं नाहीये. तिथे त्या बाईंचा आवाज फिरतो."

"ते जुनं झालं," राजे म्हणाले. "दोन आवाज जोडीनं चालले की त्याला हार्मनी म्हणतात. छान सजतं."

बदड्या ड्रमवरची नसलेली धूळ पुसत होता. त्याला पटलं नव्हतं, पण तो राजेंच्या तोंडावर कधी बोलत नाही. बडवायचं असलं की ड्रम बडवतो.

आता खरं काय झालं होतं ते सांगते. राजे स्टेजवर काय सांगतात ते मला लोकांकडून कळत आलंय. म्हणे, ती मला सोडून गेली, त्या रात्री मी एकटा बसलो आणि हे गाणं सुचलं. हॉलमध्ये बाया डोळे पुसतात. त्या रात्री राजे पोटभर जेवून घोरत पडले होते. आणि गाणं तर त्याच्या कितीतरी आधी तयार होतं. ते झालं आमच्या घडीच्या टेबलापाशी, भर दुपारी, आणि मी तिथे होते.

मोठ्या चादरीची घडी एकट्या माणसाला जमत नाही. दोघं लागतात. दोघांनी दोन टोकं धरायची, चादर ताणायची, झटकायची. मग एकानं उभं राहायचं आणि दुसऱ्यानं चालत त्याच्यापर्यंत जायचं. आपले कोपरे त्याच्या हातात द्यायचे, वाकून खाली लोंबणारी नवी कड उचलायची आणि मागे सरकायचं. आता अंतर अर्धं झालेलं असतं. पुन्हा चालायचं, पुन्हा कोपरे द्यायचे. अंतर त्याच्याही अर्धं. शेवटी दोघं एकमेकांच्या अंगाशी येतात, चादर हातभर होते, आणि ती एकाच्याच हातात उरते. दुसऱ्याचे हात मोकळे. माझ्याकडे एकच नियम आहे, दोघांनी चालायचं नाही. दोघं चालले की चादर जमिनीला लागते, आणि जमिनीला लागलेली चादर पुन्हा मशीनमध्ये जाते.

त्या दुपारी एक बाई आली नव्हती. मी राजेंना म्हटलं, गिटार ठेव आणि टोक धर. राजे उभे राहिले, सून चालत होती. ती काही दिवसांपासून एक चाल गुणगुणत होती, त्या दिवशी तिला शब्द आले. चादर पूर्ण ताणलेली होती तेव्हा ती लांबून, एकदम वरून म्हणाली,

'होतं नव्हतं ते सगळं आपण दोघं मिळून आवरून घेऊ'

आणि चालत चालत, सूर उतरवत त्याच्यापर्यंत आली. कोपरे दिले. मागे सरकली. अंतर अर्धं, ओळही अर्धी, आणि सूरही पहिल्याइतका वर नाही.

'तुझं तुला, माझं मला ठेवू'

पुन्हा आली. पुन्हा सरकली.

'कडा जुळल्या'

आणि मग अगदी त्याच्याजवळ, त्याच्याच सुरावर,

'जा'

राजेंना काय वाटलं असेल? ते खूश झाले. पुढच्या चादरीला त्यांनी खालून आवाज लावला. त्यांना तिच्याइतकं वर जाता येत नव्हतं, आणि हातात टोक असल्यामुळे हलताही येत नव्हतं. म्हणून ते एकाच सुरावर उभे राहिले आणि ती वरून त्यांच्याकडे येत राहिली. प्रत्येक ओळीला दोघांच्या सुरांतलं अंतर कमी होत गेलं आणि 'जा'ला दोन्ही आवाज असे एक झाले की कोणाचा कुठला ते मलाही सांगता येईना. मी गठ्ठ्यावर पंजा मारला, रोज मारते तसा. राजे ओरडले, "आई, हेच! हाच शेवट!"

मग त्यांनी तिला विचारलं, "पण हे 'जा' कोण कोणाला म्हणतंय?"

ती म्हणाली, "दोघं. म्हणून तर एका सुरात आहे."

"भारी आहे," राजे म्हणाले.

भारी आहे! बायको तोंडावर निरोप देत होती आणि हे म्हणे भारी आहे. मला दिसत होतं, त्यांना दिसत नव्हतं. दोघांत भांडण नव्हतं. भांडण असतं तर मी दोघांचे कान धरून मिटवलं असतं. हे बँड घेऊन महिनोन्महिने बाहेर, आणि ती इथे माझ्या चादरी शिवत बसलेली. तिला स्वतःचं दुकान हवं होतं. यांना वाट बघणारी बायको हवी होती. त्यात मिटवायचं काय? मशीनं बंद असलेल्या एका रविवारी शेडमध्येच त्यांनी गाणं रेकॉर्ड केलं. रेकॉर्ड करणाऱ्यानं राजेंचा आवाज मोठा ठेवला, हिचा मागे ढकलला, कारण फोटो राजेंचा छापायचा होता. आणि त्यानंतरच्या आठवड्यात ती आपली कपड्यांची पेटी घेऊन गेली. मी रिक्षापर्यंत सोडायला गेले होते.

तर मेलेलं गाणं ऐकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फाटक्या चादरींचं बोचकं उचललं आणि तिच्या दुकानात गेले. ती शिलाई मशीनवर एक कोट उलटा करून बसली होती.

"आई, तुम्ही स्वतः? टेम्पो बिघडला का?"

"टेम्पो ठणठणीत आहे. गाणं बिघडलंय."

तिला कुठलं ते विचारावं लागलं नाही. मी सगळं सांगितलं. ती टाके उसवत ऐकत होती.

"म्हणजे दोघंही चालतात?"

"जोडीनं. फिरायला निघाल्यासारखे."

"आणि 'जा'ला?"

"तिथे पण ती पोरगी थोडी वरच. भेटतच नाहीत."

तिनं कोट खाली ठेवला. "मग चादर जमिनीला लागली की."

"तेच म्हणते मी."

"आई, गाणं त्याचं आहे असं तो सांगतो, मी कधी काही बोलले? लोकांना रडायला आवडतं, रडू दे. पण चाल मोडायची नाही. ती मी केलेली आहे. माझ्या हातचा कोट कोणी आखूड केला तर मी ऐकून घेईन का?"

"मग ये. म्हण."

ती गप्प बसली. तिच्या गप्प बसण्याला मी घाबरत नाही, कारण तिचं गप्प बसणं म्हणजे कापड बेतणं असतं. मग म्हणाली, "येईन. पण पुढे मी. मधला माइक माझा, मोठा आवाज माझा. तो खालून म्हणेल. आणि ती रडकी गोष्ट सांगायची नाही. खरी सांगायला जमत असेल तर सांगावी, नाहीतर तोंड मिटून गिटार वाजवावी."

"निरोप जसाच्या तसा देऊ?"

"तुम्ही कधी दिलाय जसाच्या तसा? चार मिरच्या जास्तच घालाल."

मी पाच घातल्या.

राजे असे उसळले की बदड्याच्या हातातली काडी पडली. "माझ्या शेवटच्या कार्यक्रमात मी मागे उभा राहू? लोक मला ऐकायला येतात, आई!"

"लोक गाणं ऐकायला येतात. तुला नुसतं बघायला मी येते, तेही पोटचा म्हणून."

"चाल माझी आहे. तिची ओळ म्हणजे वरची झालर. झालर छान होती, मी नाही कुठे म्हणतो? पण झालर पुढे आणि कापड मागे, असं कोणी करतं का?"

"बरं," मी म्हणाले. "मग कापड दाखव. गिटार नको, ती मुलगी नको. एकट्यानं म्हण."

"आत्ता?"

"का, मुहूर्त बघायचाय?"

राजेंनी घसा साफ केला आणि म्हणायला लागले. 'होतं नव्हतं ते सगळं आपण दोघं...' सूर जिथे लागला तिथेच राहिला. ओळ संपली, तिथेच. दुसरी ओळ, तिथेच. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसासारखा. 'कडा जुळल्या'ला राजे स्वतःच थांबले.

"इथे वरून तिचा... म्हणजे इथे वरचा आवाज येतो ना."

"मग चाल कुठली?"

"आई, तुला गाण्यातलं कळत नाही. लोकांना ओळखीची आहे ती माझीच ओळ. विचार कोणालाही."

कोणालाही विचार म्हणाले ना? मी शेडच्या दारात गेले आणि इस्त्रीवालीला हाक मारली. "अगं, यांचं ते गाणं म्हण गं जरा."

"आत्ता? या सगळ्यांसमोर?"

"अभ्रे जाळताना लाजत नाहीस. म्हण."

तिनं पदराला हात पुसले आणि म्हटलं. बेसूर, पण वरून सुरू केलं आणि चालत चालत खाली आली. सुनेची ओळ. मी टेम्पोवाल्याला बोलावलं. त्यानं शीळ घातली, तीही वरून खाली. मशीनचा पट्टा बदलायला आलेला मेकॅनिक पट्ट्यात अर्धा अडकलेला होता, त्याला म्हटलं, बाबा, तिथूनच म्हण. त्यानंही तीच म्हटली, आणि वर म्हणाला, "साहेबांचं गाणं म्हणजे काय सांगू, तोंडातून जातच नाही."

"बदड्या," मी म्हणाले, "तू रे?"

बदड्यानं राजेंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ज्याची जास्त भीती वाटते त्याचं ऐकलं. तीच ओळ.

राजेंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण मी अजून संपवलं नव्हतं. "आणि तू? सकाळी न्हाणीघरात बारीक आवाज काढून काय म्हणतोस? भिंत पातळ आहे, राजे. मी तुझी आई आहे, बहिरी नाही."

मुलगी तोंडावर ओढणी धरून हसत होती. राजे चादरींच्या बोचक्यावर बसले. गिटारची खुंटी नुसतीच फिरवत राहिले.

"मी माइक लोकांकडे करायचो," ते म्हणाले. "सगळा हॉल म्हणायचा. मला वाटायचं, माझ्या मागून म्हणतायत."

"तुझ्या वरून म्हणत होते."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगत आले. तू गिटार मोठ्यानं वाजवत होतास."

ते हसले, पण अर्धंच. मग लहानपणी विचारायचे तसं विचारलं, "मग आई, मी काय केलं त्या गाण्यात?"

माझं तोंड कितीही तिखट असलं तरी हे पोर माझं आहे. आणि जे सांगितलं ते समजूत घालायला नाही सांगितलं, खरंच तसं आहे. "तू उभा राहिलास," मी म्हणाले. "चालणारा कोणीही मिळतो. उभं राहणाऱ्याचा हात ढिला पडला तर चालणारीनं यायचं कुठे? ती ज्या सुराकडे येते तो सूर तू धरून ठेवलास. तेवढंच केलंस, आणि तेवढं चोख केलंस. आता ते सोडून तूही चालायला निघालास, म्हणून गाणं मेलं."

राजे उठले. गिटार भिंतीला टेकवली. आरशात बघून केस सारखे केले, ते काही सुटायचं नाही. आणि तिच्या दुकानाकडे गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला दोघांनीही सांगितलं नाही. मी दोघांनाही विचारलं होतं.

गुरुवारी ती आली, गळ्यात मापाची टेप तशीच. मुलीनं तिला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "बरं झालं आलात. मी नुसती सावली होते." कार्यक्रमातली बाकीची गाणी मुलगीच म्हणणार होती, त्यामुळे तिचं काही गेलं नव्हतं.

पहिल्यांदा म्हटलं ते जमलं नाही. दोघांचेही आवाज आता पूर्वीचे नाहीत. तिनंच सांगितलं, सगळं गाणं थोडं खाली घ्या. बदड्यानं लय ओढून धरली. तरी तिसऱ्या ओळीला राजे घाई करायचे आणि ती पोहोचायच्या आत तिच्याकडे सरकायचे, सुरानं. दोघंही एकमेकांकडे न बघता गात होते. दोन खिडक्यांवर उभे असल्यासारखे.

मी टेबलावरची मोठी चादर उचलली आणि दोघांच्या हातात एकेक टोक दिलं. "कामं पडलीयत माझी. गाता गाता करा."

त्यांनी ताणली, झटकली. ती वरून आली, कोपरे दिले, सरकली. पुन्हा आली. तिसऱ्या ओळीला राजेंनी एक पाऊल पुढे टाकलंच, आणि चादरीची कड जमिनीला लागली.

"उभा राहा ना," ती म्हणाली. रागानं नव्हे. सवयीनं.

राजे उभे राहिले. मी दुसरी चादर दिली. ती चादर जमिनीला लागली नाही. 'जा'ला दोन आवाज एक झाले, चादर हातभर होऊन राजेंच्याच हातात उरली, तिचे हात मोकळे झाले, आणि इस्त्रीवालीनं इस्त्री उभी केली. तुम्हाला वाटेल, आता ही म्हातारी सांगणार की दोघांचं पुन्हा जमलं. नाही जमलं, आणि जमायला नको. तिच्या दुकानावर तिचं नाव आहे आणि तिथे तिची वाट बघणारी गिऱ्हाइकं आहेत. दोघांना एकमेकांकडून जे घ्यायचं ते एवढंच होतं.

शनिवारी हॉल भरला. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. ते मी आधीच सांगून ठेवलं होतं, दुसऱ्या रांगेत मी बसत नाही. राजेंनी बाकीची गाणी दणक्यात म्हटली. गिटार अशी किंचाळली की माझ्या शेजारच्या बाईनं कानात बोटं घातली, मी नाही घातली. शेवटी दिवे मंद झाले. लोकांना कळलं आता कुठलं गाणं. माझ्या शेजारणीनं रुमाल काढून तयार ठेवला.

सून आली आणि मधल्या माइकपाशी उभी राहिली. हॉलमध्ये कुजबूज झाली. राजे तिच्या बाजूला, एक पाऊल मागे. त्यांनी माइक हातात घेतला आणि मी हाताची मूठ वळली, कारण या पोराला बोलायला मिळालं की त्याचं काय होईल सांगता येत नाही.

"या गाण्याची एक गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगत आलोय," ते म्हणाले. "ती खोटी आहे. गाणं हिचं आहे. शब्दही, चालही. मी फक्त दुसरं टोक धरलं होतं."

एवढंच. एक शब्द जास्त नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

तिनं वरून सुरू केलं. हॉलमधल्या एकूण एक माणसाला ती चाल पाठ होती, त्यामुळे सगळे तिच्याबरोबर वर गेले आणि तिच्याबरोबर उतरत खाली आले. खाली राजे एका सुरावर होते. हलले नाहीत. लोक आले, गेले, पुन्हा आले, राजे तिथेच. मी त्यांना खूप ठिकाणी मोठ्यानं गाताना ऐकलंय. इतकं घट्ट गाताना कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या ओळीला अंतर अर्धं. 'कडा जुळल्या'ला तिनं त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी तिच्याकडे. 'जा' झालं, एका आवाजात. तो आवाज कोणाचा होता ते या वेळीही मला सांगता आलं नाही, आणि मी दोघांनाही कित्येक वर्षं ऐकत आलेय.

आता राहिला शेवट. बदड्यानं काडी वर उचलली. इतकी वर्षं स्टेजवर तो हा शेवट काडीनंच मारत आलाय आणि दर वेळी तो दार आपटल्यासारखा वाजलाय. मी पहिल्या रांगेतून त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. त्यानं काडी मांडीवर ठेवली, पंजा उघडला आणि ड्रमवर असा मारला, जसा गठ्ठ्यावर मारतात.

बरोबर बसला.